मेंढीला विचारा, ग्रोथ फॅक्टर म्हणजे काय

मोबाईलवर 'केस गळणे' एवढं एकदा शोधा. पुढचे पंधरा दिवस फीडमध्ये दुसरं काही येत नाही. डावीकडे अर्धं टक्कल, उजवीकडे भरलेलं डोकं, मध्ये बाण. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, तुम्ही नाशकात जिथे राहता तिथून सगळ्यात जवळचं क्लिनिक. आणि खाली ठळक अक्षरांत तो शब्द: ग्रोथ फॅक्टर. डोक्यात टोचायचा ग्रोथ फॅक्टर, चेहऱ्याला लावायचा ग्रोथ फॅक्टर सीरम, डोळ्यांखाली लावायचा वेगळा.

या शब्दात एक सोय आहे. तो इंग्रजी आहे, शास्त्रीय आहे, आणि तरीही त्याचा अर्थ कळला असं प्रत्येकाला वाटतं. ग्रोथ म्हणजे वाढ, फॅक्टर म्हणजे घटक, म्हणजे हा वाढवणारा घटक. केसांत घातला की केस वाढतील, जसा युरिया टाकला की ऊस वाढतो. या गैरसमजावरच हा धंदा उभा आहे, आणि तो दूर करण्यात विकणाऱ्यांपैकी कुणालाच रस नाही.

तर आधी मेंढीची गोष्ट.

ईजीएफ, म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, हे या कुळातलं सगळ्यात प्रसिद्ध प्रथिन. सीरमच्या बाटल्यांवर बहुतेक वेळा याचंच नाव असतं. ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या लोकांनी हे प्रथिन मेरिनो मेंढ्यांना टोचून पाहिलं. लोकर वाढली का? उलट गळून पडली. ईजीएफ अंगात गेल्यावर लोकरीच्या मुळाशी असलेल्या पेशींचं विभाजन काही काळ थांबतं. धागा त्या जागी कमकुवत होतो, तुटतो, आणि काही आठवड्यांनी अख्खी लोकर अंगावरून सोलून काढता येते. हे इतकं बेभरवशाचं नव्हतं की प्रयोगशाळेतच राहावं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी 'बायोक्लिप' नावाने ते बाजारात आलं. मेंढीला एक इंजेक्शन द्यायचं, लोकर सांडू नये म्हणून अंगावर जाळी चढवायची, आणि कात्री न लावता लोकर काढून घ्यायची. सिन्नर-येवल्याकडे कळप घेऊन फिरणाऱ्या धनगराला हे सांगितलं तर तो पहिला प्रश्न इंजेक्शनच्या किमतीचा विचारेल. पण 'याने लोकर वाढते' असं तुम्ही त्याला मेंढी समोर असताना पटवू शकणार नाही.

हे एकटं उदाहरण नाही. एफजीएफ-५ नावाचा आणखी एक ग्रोथ फॅक्टर आहे. केसाची वाढ थांबवून त्याला विश्रांतीच्या अवस्थेत ढकलणं हे त्याचं काम. त्याचं जनुक बिघडलं की उंदरांचे, कुत्र्यांचे, मांजरांचे केस लांब होतात. काही माणसांच्या पापण्या विलक्षण लांब असतात, त्यामागेही याच जनुकातला बिघाड सापडला आहे. आणि ईजीएफचा संदेश अडवणारी कॅन्सरची औषधं घेणाऱ्या काही रुग्णांच्या पापण्या लांब, जाड, कुरळ्या होतात. म्हणजे ग्रोथ फॅक्टर अडवला तर केस वाढले, टोचला तर गळले. नावात 'ग्रोथ' असलेल्या गोष्टीने प्रत्येक ठिकाणी वाढच होते हे गृहीतकच इथे कोसळतं.

मग हे प्रथिन नेमकं करतं काय?

याचा शोधही आडवाटेनेच लागला. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी ही इटलीतली ज्यू संशोधक. मुसोलिनीच्या वंशवादी कायद्यांनी तिला विद्यापीठातून बाहेर काढलं, तेव्हा तिने तुरिनमधल्या घरातल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या भ्रूणांवर काम करत राहिली. युद्धानंतर ती अमेरिकेत सेंट लुईसला गेली. तिथे मज्जातंतूंना वाढवणारा पदार्थ वेगळा काढण्याच्या कामात स्टॅन्ली कोहेन हा जीवरसायनतज्ज्ञ तिच्यासोबत आला. उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचताना कोहेनला एक भलतीच गोष्ट दिसली. पिल्लांचे डोळे एरवी तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडतात, ते सातव्या-आठव्या दिवशीच उघडले. दातही लवकर आले. दुसऱ्या एखाद्याने ही अर्कातली घाण म्हणून सोडून दिलं असतं. कोहेनने त्याचा पिच्छा पुरवला आणि १९६२ मध्ये ते प्रथिन शुद्ध करून दाखवलं. १९८६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं.

माणसातलं ईजीएफ अवघ्या ५३ अमिनो आम्लांचं आहे. आपल्या लाळेत, अश्रूंत, दुधात, लघवीत ते असतं. एवढ्याशा प्रथिनाला स्वतःहून काही करता येत नाही. ते वीट नाही, सिमेंट नाही, इंधनही नाही. ती चिठ्ठी आहे. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचा रिसेप्टर असतो, त्याचं डोकं बाहेर आणि शेपूट आत. ईजीएफ बाहेर येऊन चिकटलं की असे दोन रिसेप्टर जोडी करतात, आतल्या शेपट्यांवर फॉस्फेट चढतात, आणि तिथून पुढे रास, राफ, मेक, अर्क अशी प्रथिनांची साखळी एकामागून एक जागी होत निरोप केंद्रकापर्यंत नेते. केंद्रकात मग कोणती जनुकं चालू करायची ते ठरतं.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, म्हणून मला हे असं दिसतं: बाहेरून फक्त रिक्वेस्ट येते. काय करायचं ते ऐकणाऱ्या सर्व्हरच्या कोडमध्ये लिहिलेलं असतं. एकाच निरोपावर एक पेशी विभाजन करेल, दुसरी सरकेल, तिसरी रूप बदलेल. ए-४३१ नावाच्या, प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या कॅन्सरपेशींवर ईजीएफचे रिसेप्टर प्रचंड संख्येने असतात. त्यांना जास्त ईजीएफ दिलं की त्यांची वाढ चक्क खुंटते. त्यामुळे 'आमच्या सीरममध्ये ग्रोथ फॅक्टर आहे' या वाक्यातून मला एवढंच कळतं की कुणीतरी कुणाला तरी काहीतरी पाठवलं.

माझ्या मते यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग कुठल्याच जाहिरातीत येत नाही, तो म्हणजे बंद करण्याची व्यवस्था. निरोप मिळाल्यावर काही मिनिटांतच पेशी तो रिसेप्टर आत ओढून घेते. काही परत वर पाठवते, बाकीचे मोडीत काढते. साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर फॉस्फेट उतरवणारी, स्विच पुन्हा बंद करणारी प्रथिनं तयार उभी असतात. निरोगी पेशी वाढीचा निरोप ऐकते आणि लगेच फोन ठेवते.

हे नाशिककरांना कुणी शिकवायला नको खरंतर. दिंडोरी-निफाडच्या कोणत्याही द्राक्षबागेत जा. जीए, म्हणजे जिब्रेलिक ॲसिड, हे वनस्पतींचं वाढ-संप्रेरक. घड जीएच्या द्रावणात बुडवतात तेव्हा बागायतदार किती पीपीएम, घड कोणत्या अवस्थेत, कोणती जात, हवा कशी, इतकं सगळं बघतो. चार दिवस इकडे-तिकडे झाले किंवा मात्रा चुकली तर घडाचं नुकसान होतं आणि निर्यातीचा माल लोकल बाजारात जातो. या संप्रेरकाचा शोध मुळात एका रोगातून लागला. जपानमध्ये भाताची रोपं अचानक उंचच उंच वाढायची, पिवळी पडायची आणि मरायची. शेतकरी त्यांना 'वेडी रोपं' म्हणत. १९२६ मध्ये कुरोसावा यांनी दाखवून दिलं की हा एका बुरशीने सोडलेल्या पदार्थाचा परिणाम आहे. त्या पदार्थाचं नाव पुढे जिब्रेलिन पडलं. बाटलीला इतके प्रश्न विचारणाऱ्या बागायतदाराचा इंजिनिअर झालेला मुलगा स्वतःच्या डोक्यात सुई घेताना मात्र एकही विचारत नाही.

माणसातली वेडी रोपं बघायची असतील तर परळला जावं लागतं. पहाटेची पंचवटी पकडून दादरला उतरणाऱ्यांत टाटा मेमोरियलच्या फायली हातात धरलेले लोक असतात, हे नाशिककराला सांगायला नको. फुफ्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमा या कॅन्सरच्या काही रुग्णांत ईजीएफआरच्या जनुकात एक छोटासा बदल झालेला असतो. कधी एक अक्षर बदललेलं, कधी थोडा तुकडा गळालेला. तेवढ्याने रिसेप्टर कायमचा चालू राहतो. बाहेर ईजीएफ असो वा नसो, आत 'वाढ, वाढ, वाढ' चालूच. आमच्या भाषेत ज्याला बाहेर पडायची अटच नाही असा लूप. टाटा मेमोरियलने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ९०७ भारतीय रुग्णांच्या अभ्यासात २३ टक्के लोकांत हा बदल सापडला होता. यात विडीला कधी हात न लावलेल्या बायकाही असतात.

हा लूप तोडणारी गोळी आहे, जेफिटिनिब. ती रिसेप्टरच्या आतल्या भागात बसून फॉस्फेट चढवण्याचं कामच बंद पाडते. भारतात ती जेनेरिक मिळते. पण काही महिन्यांत कॅन्सर वाट शोधतो आणि गोळी निकामी होते. टाटामधल्या वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: गोळीबरोबर जुनीच केमोथेरपी सुरुवातीपासून दिली तर? ३५० रुग्णांवर चाचणी झाली आणि २०२० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. नुसत्या गोळीवर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ ८ महिने होता, दोन्ही मिळून तो १६ महिने झाला. त्याची किंमतही त्यांनी त्याच निबंधात मांडली: गंभीर दुष्परिणाम २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवण्याला मी विज्ञान म्हणतो. फायदा एवढा, त्रास एवढा, इतक्या लोकांत, अमुक गोष्टीच्या तुलनेत. आता तुमच्या फीडमधली ग्रोथ फॅक्टरची कोणतीही जाहिरात उघडा आणि यातलं एक तरी शोधून दाखवा.

सीरमचं बघू. त्वचेचा वरचा थर बाहेरच्या गोष्टी आत येऊ नयेत म्हणूनच आहे. साधारण ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू अखंड त्वचेतून फारसे आत जात नाहीत, हा त्वचाशास्त्रातला जुना ठोकताळा. ईजीएफ ६००० डाल्टनचं आहे, आणि त्याचे रिसेप्टर त्या थराच्या खाली, जिवंत पेशींवर. म्हणजे चिठ्ठी फाटकाबाहेरच पडून राहते. मग उपाय काय, तर डर्मारोलर. सुयांनी त्वचेला भोकं पाडायची आणि वरून सीरम ओतायचं. पण मग ते चेहऱ्याला लावायचं प्रसाधन राहिलं का? चीनच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये हाच मुद्दा धरून प्रसाधनांत ईजीएफ घालायला परवानगी नाही असं स्पष्ट केलं: अखंड त्वचेतून ते आत जात नाही, आणि त्वचेचा अडथळा मोडून आत गेलं तर सुरक्षेचा प्रश्न उभा राहतो. क्रीम लावल्याने कॅन्सर होतो असा पुरावा नाही, आणि मी तसं सुचवतही नाही. पण विक्रेत्याची कोंडी बघा. आत जात नसेल तर पैसे कशाचे? आणि जात असेल तर ते औषध झालं. मग मात्रा, चाचणी, इशारे कुठे आहेत?

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. १९४५ च्या ड्रग्ज रूल्समध्ये शेड्यूल जे नावाची यादी आहे. त्यातले आजार बरे करण्याचा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही. त्या यादीत टक्कल आहे, आणि नवे केस उगवणंही आहे. म्हणून जाहिरातीत औषधाचं नावच येत नाही. येतं ते 'प्रोसिजर', 'थेरपी', 'सिटिंग', 'पॅकेज'.

डोक्यात टोचण्याचा प्रकार सीरमपेक्षा वेगळा आहे, हे मान्य करायला हवं. पीआरपी किंवा जीएफसीमध्ये तुमचंच रक्त काढतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि प्लेटलेटचा भाग वेगळा घेतात. जीएफसीत पुढे प्लेटलेट फोडून आतला माल बाहेर काढतात. स्वतःचंच रक्त असल्याने मोठा धोका सहसा नसतो. काही छोट्या चाचण्यांत केसांची घनता थोडी वाढलेली दिसतेही. पण प्लेटलेटमधला माल हा एक पदार्थ नसून गाठोडं आहे. त्यात पीडीजीएफ आहे, व्हीईजीएफ आहे, आयजीएफ आहे, आपलं मेंढीवालं ईजीएफ आहे, आणि टीजीएफ-बीटाही आहे, जो केसाच्या मुळाला वाढ थांबवायला सांगणाऱ्यांपैकी एक. या गाठोड्यात कोण किती, हे माणसागणिक बदलतं. नळी, फिरवण्याचा वेग, वेळ, सिटिंगची संख्या, सगळं क्लिनिकगणिक बदलतं. माझ्या एका मित्राने चार सिटिंगचं पॅकेज घेतलं होतं. तिसऱ्या वेळी त्याने विचारलं की यात नेमकं काय किती आहे. उत्तर आलं, 'सर, हे तुमचंच नॅचरल आहे.' नॅचरल तर लघवीही आहे, आणि ईजीएफ तिच्यातही असतं.

मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड यांच्यावर कितीतरी मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. दोन्ही स्वस्त आहेत, दोन्हींच्या मर्यादा आणि दुष्परिणाम कागदावर आहेत, आणि दोन्ही थांबवली की फायदा ओसरतो. बरेच त्वचारोगतज्ज्ञ प्रामाणिकपणे तेच आधी लिहून देतात. पण महिन्याला काही शे रुपयांच्या बाटलीवर रील बनत नाही.

'तुझ्या डोक्यावर आहेत म्हणून बोलतोस', हे मला तोंडावर ऐकवलं गेलं आहे. सत्ताविसाव्या वर्षी कपाळ मागे सरकायला लागलेल्या मुलाला स्थळं बघताना काय सोसावं लागतं ते मी जवळून बघतो. बायोडेटावर कोणता फोटो टाकायचा यावर घरात बैठका होतात. मुलगी असेल तर विचारूच नका, तिला केस गळतात हे सांगायचीही चोरी. हे दुःख खरं आहे, म्हणूनच राग येतो. या भीतीची किंमत कुणीतरी नीट काढली आहे: आयटीवाल्याच्या पगारातून हप्त्याने फिटेल अशी.

आणि याच शहरात, याच प्रथिनाची खरी गरज असलेले लोक आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांच्या पायाला जखम होते आणि कळतच नाही, कारण नसा बधिर झालेल्या असतात. ती महिनोन् महिने भरत नाही, चिघळते, आणि शेवटी बोट, पाऊल, पाय. अशा जखमेत वरचा थर मुळात उरलेलाच नसतो. जिवंत पेशी उघड्या असतात, रिसेप्टर समोर असतात, आणि त्यांच्यापर्यंत येणाऱ्या चिठ्ठ्या कमी पडलेल्या असतात. इथे बाहेरून चिठ्ठी देण्यात अर्थ आहे. क्यूबाने हेबरप्रोट-पी नावाचं ईजीएफचं इंजेक्शन थेट जखमेत द्यायला सुरुवात केली. हैदराबादच्या भारत बायोटेकने कोव्हॅक्सिनच्या कितीतरी आधी रीजेन-डी नावाचं मानवी ईजीएफचं जेल याच जखमांसाठी आणलं. कोव्हॅक्सिन घराघरांत माहीत आहे. हे जेल किती जणांना माहीत आहे?

इथेही ईजीएफ जादू करत नाही. शुगर आटोक्यात आणणं, मेलेला भाग कापून काढणं, रक्तपुरवठा तपासणं, पायावरचा भार काढणं हे आधी, जेल त्यानंतर. माझ्या मावशीच्या घोट्याखालची जखम भरायला साडेचार महिने लागले. त्यातलं जेलचं श्रेय किती आणि मामांनी तिला पाय टेकू दिला नाही त्याचं किती, हे मी सांगू शकत नाही आणि तिच्या डॉक्टरांनीही छातीठोक सांगितलं नाही. अमेरिकेत पीडीजीएफचं अशाच जखमांसाठीचं जेल १९९७ मध्ये मंजूर झालं. २००८ मध्ये, जास्त ट्यूब वापरलेल्या रुग्णांत कॅन्सरने मृत्यूचं प्रमाण वाढल्याची शंका आल्यावर त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला गेला. दहा वर्षांनी, आणखी माहिती जमल्यावर, तो काढला. औषध म्हणून वागवलं की असं होतं. कुणीतरी ट्यूब मोजत असतं.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच, म्हसरूळला आहे. तिथल्या एखाद्या विभागाने शहरातल्या शंभर 'ग्रोथ फॅक्टर' जाहिराती जमवाव्यात आणि प्रत्येकीत नाव, मात्रा, चाचणी, यांतलं काय दिलंय ते मराठीत छापावं. विद्यार्थ्यांचं एका सत्राचं काम आहे. तोवर पॅकेजची रक्कम भरण्याआधी काउंटरवर विचारा: कोणता ग्रोथ फॅक्टर, किती नॅनोग्रॅम, कुणाच्या चाचणीत, आणि काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत केस किती वाढले. उत्तर लेखी मागा. आणि बिलावर 'प्रोसिजर' ऐवजी जे टोचलं त्याचं नाव लिहून द्यायला सांगा.